प्रिंटर दुरुस्त झाला, ७६,८४८ रुपये गेले

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. पिन नाही, पासवर्ड नाही, कार्डाचा नंबर नाही. हे सगळ्यात वर लिहायचं कारण म्हणजे बँक, पोलीस आणि घरचे पाहुणे, सगळ्यांनी अर्धीच गोष्ट ऐकून एकच प्रश्न तोंडावर मारलाय, "ओटीपी कशाला दिलासा?" नाही दिला! तरी गेले. १,९९९, मग ४९,९९९, मग २४,८५०.

कोल्हापुरात मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. दिवाळीनंतर आवक वाढली की यार्डात काय धांदल असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. सौदा, वजन, लगेच शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद. आमचे दिवाणजी पूर्वी पट्टी हातानं लिहायचे, आता ती कॉम्प्युटरवर निघते. म्हणजे प्रिंटर बसला की दुकान बसलं. त्या दिवशी लाईट गेली, थोड्या वेळानं आली, आणि प्रिंटरच्या नावापुढं 'ऑफलाइन' असं जे लागलं ते जाईचना. प्रिंटरवर दिवा हिरवा, कागद भरलेला, टोनर नवा. बंद करून चालू केला, वायर काढून घातली, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. कागद काही हलेना. कट्ट्यावर पन्हाळ्याकडचे एक आबा बसलेले, त्यांचं सारखं चाललेलं, "शेठ, पट्टी हुईल न्हवं? माझी येष्टी चुकती बघा." कॉम्प्युटरचं सगळं बघणारा आमचा पुतण्या लग्नाला गावाला गेलेला, फोन उचलेना.

मग कुणीही जे करतो तेच केलं. प्रिंटरच्या कंपनीचं नाव आणि पुढं 'कस्टमर केअर नंबर' असं मोबाइलवर शोधलं. पहिलाच नंबर, वर कंपनीचं नाव, निळं चिन्ह, 'चोवीस तास सेवा'. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे भरून लावलेली जाहिरात, हे आता दिसतं. गर्दीत उभ्या माणसाला दिसत नाही, आणि दिसू नये म्हणूनच ते तेवढ्या बारीक अक्षरात असतं. नंबर साधा दहा आकडी मोबाइलचा होता. मोठ्या कंपन्यांचे मदतीचे नंबर बहुतेक १८०० नं सुरू होणारे असतात. नंबर हवा असेल तर प्रिंटरच्या खोक्यावर, वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बघा. सर्चमध्ये वर आलेला नंबर म्हणजे चव्हाट्यावर कुणीतरी चिकटवलेला कागद, एवढीच त्याची किंमत.

फोन पहिल्या रिंगला उचलला. इथंच खरं तर कान टवकारायला हवे होते, कुठल्या कंपनीचा फोन पहिल्या रिंगला लागतो हो? गोड हिंदी बोलणारा पोरगा. मॉडेल नंबर विचारला, सिरीयल नंबर विचारला, "सर, चिंता मत कीजिए." मग स्क्रीन दाखवायचं अ‍ॅप कॉम्प्युटरवर घ्यायला लावलं आणि त्यावर आलेला नऊ आकडी नंबर वाचून दाखवायला सांगितला. वाचला. टॅलीवाला हेच करतो, जीएसटीचं काम बघणारा हेच करतो. आमच्या दुकानातलं निम्मं काम असंच कुणीतरी लांबून करत असतं, मग मला संशय यावा कशावरून? ही अ‍ॅप मुळात चोरांची नाहीत. पण तो नंबर वाचून दाखवला की तुमचा माऊस त्याचा झाला. अशाच एनीडेस्क नावाच्या अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. बँकांना. गिऱ्हाईकापर्यंत ते किती पोचलं ते विचारू नका.

त्यानं एक खिडकी उघडली, इव्हेंट व्ह्यूअर नावाची. त्यात लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण, वरपासून खालपर्यंत नुसत्या ओळीच्या ओळी. "सर, ये सब वायरस है, इसलिए प्रिंटर नेटवर्क से बाहर फेंका गया." पोटात गोळा आला. पुतण्या परत आल्यावर म्हणाला, "काका, ही विंडोजनं स्वतःच ठेवलेली बारीकसारीक नोंदींची यादी, विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर असते. नवाकोरा आणलात तरी चार दिवसांत लाल फुल्या दिसतात." तुमच्याही कॉम्प्युटरवर उघडून बघा. व्हायरसचा आणि तिचा काडीचा संबंध नाही.

दुरुस्तीचे १,९९९ रुपये, क्यूआर कोड स्क्रीनवर. स्कॅन केला तर नाव आलं कुठल्यातरी मोबाइल शॉपीचं. मी विचारलं, विचारलं नाही असं नाही. "सर, वो हमारा पेमेंट पार्टनर है." त्याच्याकडं उत्तर तयार होतं. प्रत्येक प्रश्नाला तयार होतं.

आणि मग प्रिंटर चालू झाला.

हे नीट वाचा, कारण सगळा डाव इथं आहे. असली माणसं काम करत नाहीत, नुसते पैसे उकळतात, असं मी आजवर ऐकत आलो होतो. यानं काम केलं. जुना प्रिंटर यादीतून काढला, परत जोडला, टेस्ट पेज सोडलं. मशीन घरघरलं, रोलर फिरले आणि तो रंगीत पट्ट्यांचा कागद गरम-गरम बाहेर आला. मागोमाग अडकलेल्या पट्ट्या धडाधड पडायला लागल्या. आबांची पट्टी माझ्या हातानं फाडून दिली मी. त्या क्षणी तो पोरगा माझ्यासाठी देवमाणूस होता. १,९९९ जास्त वाटले, पण म्हटलं काम तर झालं.

त्यावर तो म्हणाला, "सर, अब वारंटी रजिस्टर करनी है. फोन में भी वही ऐप डालिए."

प्रिंटर चालू झाला होता. मग माझ्या मोबाइलशी त्याचं काय काम? हा एक प्रश्न. तेव्हापासून रात्री झोप उडाली की हाच प्रश्न छातीवर येऊन बसतो. पट्ट्या निघत होत्या, हमाल पैसे मागायला उभे, दिवाणजी वजनाची वही घेऊन मागं, आणि मी एका हातानं मोबाइलवर ते अ‍ॅप उतरवत होतो. त्यानं स्वतःहून सांगितलं, "सर, कोई भी ओटीपी आए तो किसी को मत बताना, मुझे भी नहीं." ऐकलंत? चोर मला बँकेच्या जाहिरातीतलंच वाक्य ऐकवत होता! त्याला सांगायची गरजच काय, फोनची स्क्रीन त्याच्यासमोर उघडी होती. मेसेज आला की माझ्याआधी त्यानं वाचला.

पुढं 'जादा घेतलेले १,००० परत करतो' हे गाजर. खात्यात जमा झालेले दिसावेत म्हणून कॉम्प्युटरवर दुकानाच्या खात्याचं नेटबँकिंग उघडायला लावलं. पासवर्ड मीच टाकला, त्याला सांगितला नाही. लॉगिन झालं आणि स्क्रीन काळी. मध्ये पांढऱ्या अक्षरात अपडेट चालू आहे, बंद करू नका. "सर, फोन को हाथ मत लगाइए, रजिस्ट्रेशन रुक जाएगा." मी फोन टेबलावर ठेवून हमालांचा हिशेब करत बसलो. फोन थरथरत होता, मी मान वळवून बघतसुद्धा नव्हतो. ४९,९९९ एका खात्यात गेले, २४,८५० कुठल्याशा वॉलेटमध्ये. लाइन कट झाल्यावर मेसेज बघितले.

स्क्रीन काळी झाली की सरळ राउटरचं बटण बंद करा. कॉम्प्युटर राहू दे चालू, नेट तोडा. फोन एरोप्लेन मोडवर टाका. मग दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बँकेला कळवा.

आता सरकारी कथा. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर, लावत बसलो, एंगेज. लागला तेव्हा पलीकडच्या बाईंनी नीट लिहून घेतलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रारीचा क्रमांक आला आणि पैशातले १२,३०० एका खात्यात थोपवले गेले. बाकीचे तोवर पुढच्या खात्यांतून निघूनही गेले. या नंबरवर पहिल्या तासाभरात फोन लागला तर पैसे अडवले जायची शक्यता जास्त असते. म्हणून आधी १९३०, मग रडारड, मग पाहुण्यांना फोन.

बँकेत गेलो. साहेब स्क्रीनकडं बघतच बोलले, "व्यवहार ओटीपीनं झालाय, म्हणजे तुमच्या संमतीनं झालाय." म्हटलं, ओटीपी मी दिला नाही, तो बघितला गेला. "सिस्टीमला तसं दिसत नाही." सिस्टीमला दिसत नाही म्हणून माझ्या खात्यातनं गेलं नाही का? फॉर्म द्या म्हटलं तर फॉर्म संपलेत, झेरॉक्स काढून आणा. मग तुमची मूळ शाखा दुसरी, तिथं जावा. तिथं गेलो तर कार्ड विभागाला मेल करा. मेल केला तर आपोआप आलेलं उत्तर, 'आपली समस्या आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं (दुकानाच्या त्याच प्रिंटरवर, नशीब बघा). त्यात लिहिलंय की गिऱ्हाईकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, आणि बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेनं सोसायचे. साहेबांनी कागद उलटा धरून सुलटा धरला आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी दिलं?" जसं काही मी चोरीचा माल आणलाय.

म्हणून बँकेला जे कळवाल ते लेखी कळवा, आणि पोच घ्या, शिक्का आणि वेळेसकट. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हद्दीचा. दुकान एका हद्दीत, घर दुसऱ्या, खातं तिसऱ्या. "पाहुणं, तिकडं जावा." तिकडं गेलो, "हे सायबरचं आहे." सायबरला गेलो, "रक्कम किती? एवढीच? अर्ज देऊन जावा." एवढीच! अडतीच्या धंद्यात ७६,८४८ निव्वळ उरायला गुळाचे किती रवे, म्हणजे ढेपा, जावे लागतात ते या साहेबांना कट्ट्यावर बसवून दाखवायला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला खबर नोंदवून घ्यावी लागते. वकिलानं सांगितल्यावर मी ते ठाण्यात जाऊन म्हणून दाखवलं. हवालदार हसले, "मग वकिलालाच घ्या लिहून." शेवटी अर्ज घेतला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, आणि निरीक्षक साहेब कधी बंदोबस्तावर, कधी मीटिंगला, कधी कोर्टात. थोपवलेले १२,३०० सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची फी त्यातली किती खाईल हे विचारायचं धाडस झालं नाही.

आता प्रिंटरला झालं काय होतं ते ऐका, म्हणजे तुमचंही रक्त तापेल. प्रिंटर वायफायवर आहे. लाईट गेली तेव्हा राउटर बंद पडला आणि परत चालू होताना त्यानं प्रिंटरला नेटवर्कमधला नवा पत्ता, म्हणजे नवा आयपी अ‍ॅड्रेस दिला. कॉम्प्युटर बिचारा जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय, तिथं कुणी नाही, म्हणून 'ऑफलाइन'. बस्स. पुतण्यानं येऊन प्रिंटरच्याच मेन्यूतून नेटवर्कचा कागद काढला, त्यावर पत्ता छापून येतो. राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या नावावर कायमचा बांधून टाकला. त्यानंतर लाईट कितीदा गेली असेल, प्रिंटर जागेवर आहे. चहा निवायच्या आत झालेलं काम!

त्याच्याकडनं बाकीचंही शिकून घेतलं, ते इथं टाकतो. प्रिंटरच्या क्यूची, म्हणजे प्रिंटच्या रांगेची, खिडकी उघडली की मेन्यूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर कधीकधी बरोबरची खूण पडलेली असते, ती काढायची. एखादी प्रिंट अडकून मागच्या सगळ्या तुंबल्या तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' (प्रिंट रांगेत लावणारा प्रोग्रॅम) रिस्टार्ट करायचा. एकाच प्रिंटरची दोन नावं दिसत असतील, एकापुढं 'कॉपी १' असं, तर बहुतेक वेळा आपण मेलेल्या नावावर प्रिंट सोडत असतो. कागद अडकला तर तो ज्या दिशेनं चाललाय त्याच दिशेनं दोन्ही हातांनी सावकाश ओढायचा, हिसडा दिला की तुकडा आत राहतो. लेझर प्रिंटरचा आतला भाग तापलेला असतो, हात घालायच्या आधी बंद करून निवू द्या. कागद ओढेनासा झाला तर रोलर पुसून बघा. आमच्याकडं गुळाची चिकट धूळ बसते, त्यामुळं हे वरचेवर करावं लागतं.

ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, शोधतानाही हाच सापळा लावलेला असतो. कंपनीसारखीच दिसणारी साइट, डाउनलोडची पट्टी अर्ध्यावर येऊन थांबते, 'इन्स्टॉलेशन फेल्ड, या नंबरवर फोन करा'. तो नंबर चोराचा. खरा ड्रायव्हर बसला नाही तर त्यात एरर कोड येतो, कुणाचा मोबाइल नंबर येत नाही.

पैसे गेल्यावर आणखी एक फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला ३,५०० प्रोसेसिंग भरा." माझं नाव, रक्कम, तारीख, सगळं बरोबर सांगितलं. फसलेल्यांची यादी चोरांच्याच हातातनं पुढं जाते, दुसरं काय! त्याला मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही, पण दिवाणजींनी पहिल्यांदाच माझ्याकडं कौतुकानं बघितलं.

बँकेनं ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, फी लागत नाही. माझी तक्रार तिथं गेलीय. यार्डात, शाहूपुरीत, लक्ष्मीपुरीत अशाच जाहिरातीतल्या नंबरवरून कुणाला गंडवलं असेल तर लाजून गप्प बसू नका. तक्रारीचा क्रमांक आणि पैसे गेलेल्या व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक) घेऊन सौदे संपल्यावर दुपारी दुकानात या. सगळ्यांचा मिळून एकच अर्ज पोलीस अधीक्षकांकडं द्यायचा आहे.