जुन्या वाड्याला गिलावा: चुन्याचा की सिमेंटचा?

शुक्रवार पेठेतला आमचा वाडा काळ्या दगडाचा, दगडांमधले सांधे चुन्याचे. २०१९ च्या पुरात सोप्याची भिंत कमरेपर्यंत भिजली. पाणी ओसरल्यावर घाईनं सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले, आणि ओल सिमेंटच्या वर चढली. चुन्यातच राहू दिलेली मागची भिंत मात्र उन्हाळ्यात खडखडीत वाळली.

कारण रसायनात आहे. चुनखडी भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली, की १०० किलोतला ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीवर लावला, की हवेतून तोच वायू ओढून घेत पुन्हा चुनखडी होतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकल्यावर ती दुधाळ व्हायची, तेच इथं महिनोन्महिने चालतं. हा गिलावा मऊ, सच्छिद्र राहतो. भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. बारीक चिरांत विरघळलेला चुना साचून त्या बुजतातही.

सिमेंट हवेवर नाही, पाण्यावर आवळतं, तेही काही तासांत. ताकदीला ते कितीतरी सरस. पण जुन्या दगडी भिंतीवर हाच घट्टपणा नडतो, आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं. आरसीसीच्या खोल्यांना मात्र बिनदिक्कत सिमेंटच लावा.

चुन्याला धीर लागतो. पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर जरा आवळू द्यायचा. आपल्या पावसाळ्यात हे काम काढूच नका. छिद्रं पाण्यानं भरलेली असली की वायू आत शिरत नाही. दिवाळीनंतर सुरुवात करा. गवंड्यानं चुन्यात घालायला गुळाचं पाणी मागितलं तर द्या, ती जुनी रीत आहे.

उघड्या कठड्यांवर नुसता चुना टिकत नाही. निवळीत फुंकतच राहिलं तर ती पुन्हा स्वच्छ होते, कारण जादा वायूमुळं चुनखडी विरघळते. पावसाच्या पाण्यातही तो वायू असतोच, म्हणून कठडे हळूहळू झिजतात. तिथं चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, घाला; ते मिश्रण पाण्यातही आवळतं.

कळी घेताना एक खडा पाण्यात टाकून बघा. तो सळसळून तापला नाही, तर पोत्यातच हवा खाऊन विरलाय, घेऊ नका.