होमस्टेच्या सफाईची गिऱ्हाइकं: विकत घेतलेले फोन की लाँड्रीवाल्याचा शब्द?

छत्रपती संभाजीनगर, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ या पट्ट्यात होमस्टे आणि फार्महाऊसच्या सफाईचं काम वाढवायचं तर माझ्या मते दोनच वाटा विचार करण्यासारख्या आहेत. एक म्हणजे सेवा देणाऱ्यांची यादी ठेवणाऱ्या साइटवर पैसे भरून नाव लावायचं. कुणी चौकशी केली की त्याचा नंबर आपल्याला येतो. दुसरी म्हणजे त्या घरांत ज्यांचं आधीपासून येणं-जाणं आहे, त्यांच्या तोंडून काम मिळवायचं. लाँड्रीवाला, सोसायटीचा वॉचमन, फार्महाऊसवरचा सालगडी, टँकरवाला, ही ती माणसं. पत्रकांचा विचार मी सोडून दिला. बरेचसे मालक पुण्या-मुंबईला राहतात, त्यामुळे पत्रक पडतं ते कुलूपबंद दारात.

मी दोन्ही वाटांनी काम आणलं आहे आणि पैसे भरून मिळणाऱ्या फोनांना मी वाईट म्हणणार नाही. नव्याने धंदा सुरू केलेल्याला ओळखी नसतात, सफाई करणाऱ्या मावशींना काम द्यायचं असतं, तेव्हा फोन वाजतो हेच मोठं असतं. शिवाय हे गिऱ्हाईक पैसे रोख देतं किंवा तिथल्या तिथे यूपीआय करतं. ओळखीतून आलेला होस्ट, म्हणजे होमस्टेचा मालक, महिन्याचा हिशेब धरतो आणि महिना संपला तरी दोनदा आठवण करावी लागते. उधारी सांभाळायची ताकद नसेल तर हा फरक लहान नाही.

पण माझा निर्णय झाला तो पैशावरून नाही, फोनच्या वेळेवरून.

आपल्या कामाचं घड्याळ ठरलेलं असतं. पाहुणे साधारण 11 वाजता निघतात, पुढचे 2 नंतर येतात. त्या तीन तासांत चादरी, अभ्रे, संडास-बाथरूम, स्वयंपाकघर, फ्रिजमधलं उरलेलं, अंगण, सगळं उरकायचं. पर्यटकांचा ओढा शनिवार-रविवारी. सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद, त्यामुळे दोन्ही लेणी बघणारा माणूस शक्यतो त्याआधीच बघून घेतो आणि चेकआउटचं सगळं ओझं रविवारच्या सकाळवर येतं. आणि नेमके याच वेळेला लीडचे, म्हणजे साइटवरून आलेल्या चौकशीचे, फोन येतात, कारण गिऱ्हाईकही सुट्टीच्या दिवशी सकाळीच सफाईवाला शोधायला बसतं.

बरं, तो नंबर एकट्या आपल्याला दिलेला नसतो. तीच चौकशी आणखी चार-पाच जणांकडे गेलेली असते. जो आधी फोन करेल किंवा उचलेल, त्याचं काम. म्हणजे हातमोजे काढा, साबणाचा हात पुसा, बाहेर या आणि ऐका, "दादा, थ्री बीएचकेचं काय घेता?" घर पाहिलेलं नाही, किचनवर तेलाचा थर किती आहे माहीत नाही, रंगकाम झालंय की माणसं राहतायत ते कळलेलं नाही, आणि आकडा आत्ताच हवा असतो. कुणाला सोफा धुऊन हवा असतो, कुणाला पाण्याची टाकी. बऱ्याचदा पाच मिनिटं बोलल्यावर कळतं की त्यांना रोज येणारी धुण्याभांड्याची बाई हवी होती. तोवर आत मावशी विचारत असतात की चादरींचा दुसरा जोड कुठल्या कपाटात आहे.

त्या गडबडीत न्हाणीच्या जाळीत एक केस राहिला तरी तो पाहुण्याला दिसतोच. एअरबीएनबीवर, म्हणजे घरं बुक करायच्या ॲपवर, स्वच्छतेचे गुण पाहुणे वेगळे देतात आणि सुपरहोस्ट हा चांगल्या होस्टचा दर्जा टिकवायला एकूण सरासरी पाचपैकी 4.8 लागते. त्यामुळे होस्ट या एका केसावरून खरोखर अस्वस्थ होतो, आणि त्याचं बरोबर आहे. नवं गिऱ्हाईक मिळवण्याची धडपड हातातल्या गिऱ्हाइकाचं नुकसान करते, हे मला पटेना. दिवसभर फोन घेणारं घरात कुणी असेल, भाऊ असो, बायको असो, तर ही अडचण तुम्हाला कदाचित येणारच नाही. मला ती सोडवता आली नाही.

आता दुसरी वाट. माझा जीव इथेच रमतो, आणि त्यातही लाँड्रीवाल्यावर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे.

कारण साधं आहे. कुठलं घर खरंच चालतं आणि कुठलं नुसतं ॲपवर दिसतं, हे लाँड्रीवाल्याला चादरींवरून कळतं. कुणाचं गाठोडं दर सोमवारी येतं, कुणाचं महिन्यातून एकदा, कुणाचे टॉवेल ओलेच गुंडाळून येतात आणि त्यांना वास मारतो, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं. ओल्या टॉवेलचं गाठोडं म्हणजे त्या घरी सफाई नीट चाललेली नाही. ही माहिती तुम्हाला ॲपवरून मिळणार नाही. तिथे बुकिंग होईपर्यंत घराचा नेमका पत्तासुद्धा दिसत नाही, आणि पाहुण्यांसाठीच्या मेसेजमधून आपल्या धंद्याची जाहिरात करणं नियमात बसत नाही.

लाँड्रीवाल्याने आपलं नाव का घ्यावं? त्याचं काम हलकं होत असेल तर तो घेतो. बायपास आणि दौलताबाद रस्त्याकडच्या फार्महाऊसवर लग्नसराईत हळदी होतात. हळदीची चादर इतर पांढऱ्या चादरींत गेली तर सगळं गाठोडं पिवळं. त्यात हळदीचा डाग साबणाच्या पाण्याने लाल पडतो, मग मालक म्हणतो की लाँड्रीने चादर खराब केली. आम्ही हळदीच्या चादरी आधीच वेगळ्या काढतो, वेगळ्या पिशवीत बांधतो आणि त्याला तोंडाने सांगतो. तो त्या वेगळ्या धुऊन कडक उन्हात टाकतो, हळदीचा रंग उन्हाने उतरतो. एवढ्याशा गोष्टीने त्याच्या डोक्याचा ताप जातो. पुढच्या वेळी दुसऱ्या मालकाने कटकट केली की तो आपला नंबर देतो, आणि असा मालक शक्यतो संध्याकाळी फोन करतो. दरावर घासाघीसही कमी होते, कारण कुणीतरी आपल्या वतीने आधीच बोललेलं असतं.

वॉचमन आणि सालगडी यांचं थोडं सांभाळून. काही जण दर फेरीला पैसे मागतात. द्यायला हरकत नाही, पण मालकाला माहीत असू द्या, नाहीतर पुढे संशय येतो. तसंच सगळी घरं एकाच माणसाकडून आलेली असतील तर तो गेला की काम एकदम आटतं. ही या वाटेची खरी कमजोरी आहे. म्हणून दोन-तीन लाँड्र्या धरून ठेवाव्यात असं मला वाटतं.

घर बघायला बोलावलं तर दरपत्रक काढण्याआधी बाथरूमचा एक नळ साफ करून दाखवा. आपल्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी क्षाराचं, त्यामुळे चांगल्या घरांतही नळावर पांढरी पुटं चढलेली असतात. लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून फडकं भिजवायचं, नळाला गुंडाळून थोडा वेळ ठेवायचं, मग पुसून धुऊन टाकायचं. शेजारच्या नळाशी तुलना मालक स्वतःच करतो. संगमरवर किंवा शहाबादी फरशीवर मात्र ते पाणी सांडू देऊ नका, दगडाची चकाकी जाते.

गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल दोन्ही वाटांना पूरक आहे. ते फुकट आहे, घरचा पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवता येतो. लाँड्रीवाल्याने नाव सांगितलं तरी पुण्यातला मालक आधी तिथे अभिप्राय वाचतो, म्हणून समाधानी होस्टकडून दोन ओळी आवर्जून लिहून घ्या.

नांदेडसारख्या यात्रेकरूंच्या गावी हे गणित वेगळं असू शकेल. तिथे एका मोठ्या लॉजचं काम मिळालं तर लाँड्रीवाल्याची गरजच उरणार नाही. वेरूळच्या बाजूलाही श्रावणी सोमवारी घृष्णेश्वरासाठी गर्दी होते, तेव्हा कामाचे वार उलटेसुलटे होतात. आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत मावशी रिकाम्या राहत असतील तर घरगुती सफाईसाठी पैसे भरून फोन घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त शनिवार-रविवारी त्या कामांना होकार देऊ नका.

लाँड्रीवाल्याशी बोलायचं असेल तर नवरात्राच्या आधी, दुपारी चारच्या सुमाराला जा. तेव्हा इस्त्रीचं काम सैल असतं. दिवाळीपासून पर्यटक आणि लग्नं दोन्ही सुरू झाली की त्यालाही बोलायला वेळ नसतो.