रब्बीच्या शिवारातील पक्ष्यांसाठी ८ × ४२ ची पोरो दुर्बीण

पक्षिनिरीक्षणासाठी दुर्बीण मागितली की दुकानदार हटकून १० × ५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या काचांची) पुढे करतो आणि ‘हिच्यात पक्षी जास्त जवळ दिसेल’ असे सांगतो. पक्षी जवळ दिसतो हे खरे, पण तो सापडतो उशिरा आणि सापडला तरी हाताच्या कंपामुळे स्थिर राहत नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी निसवू लागते त्या दिवसांत बांधाबांधाने हिंडणाऱ्याला पोरो प्रिझमची (पुढच्या काचा डोळ्यांजवळच्या काचांच्या सरळ रेषेत नसून बाजूला सरकलेल्या असतात अशा घडणीची) ८ × ४२ ची साधी दुर्बीण अधिक उपयोगी पडते, असे या हिवाळ्यातील वापरानंतर माझे मत झाले आहे.

हिचे खरे बळ दृश्यक्षेत्रात आहे. १,००० मीटरवर साधारण १४० मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत मावत असल्यामुळे पिकाच्या शेंड्यांवरून डुलत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी दुर्बीण लावताक्षणी सापडतो. माँटेग्यू आणि पॅलिड या दोन्ही भोवत्यांच्या माद्या व कोवळे पक्षी तपकिरी, पाठीखाली पांढरा पट्टा असलेले, म्हणून ओळखताना नेहमीच घोळ होतो. ऊन पाठीशी असेल, तर कोवळ्या पॅलिडच्या मानेवरील फिकट कंठा या दुर्बिणीतून स्वच्छ दिसतो आणि तेवढ्यावर निर्णय करता येतो. ४२ ला ८ ने भागल्यावर येणारा, डोळ्याकडे जाणारा सव्वापाच मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत पहाटे कामी येतो. तुरीच्या शेंड्यावरील गप्पीदास या छोट्या पक्ष्याच्या छातीचा तांबूस रंग सूर्य वर येण्याआधीच कळतो. ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांच्या थव्यासाठी मात्र दुर्बीण लागतच नाही, राखणदाराची आरोळी पुरेशी असते.

उणिवाही आहेत. पाच मीटरच्या आत आलेला पक्षी नीट फोकस होत नाही, त्यामुळे बांधावर पायाशीच दबून बसलेली तिरचिमणी अस्पष्टच राहते. चष्मा लावणाऱ्यांना दृश्याच्या कडा कापलेल्या दिसतात. नळ्या जलरोधक नसल्याने दवात भिजलेल्या पिकातून जाताना ती जॅकेटच्या आत ठेवावी लागते. दहानंतर तापलेल्या नांगरटीवरून हवा लहरू लागली की दूरचे धाविक (जमिनीवर धावणारे पक्षी) ओळखता येत नाहीत, पण तो दोष दुर्बिणीचा नव्हे. महागड्या काचेतूनही तसेच दिसते. सोबतचा अरुंद पट्टा तासाभरात मानेला काचतो, तेव्हा दोन्ही खांद्यांवर भार घेणारा पट्टा दुर्बिणीबरोबरच विकत घ्यावा.