सीएसआर निधीच्या नावाखाली संस्थेचे ६४,५०० रुपये गेले

आमची संस्था तालुक्याच्या गावात अभ्यासिका चालवते. पगारी माणूस एकही नाही. दोनशे-पाचशेच्या पावत्या फाडून जमवलेल्या पैशांतले ६४,५०० रुपये एका 'सीएसआर सल्लागारा'ने नेले. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्च करायचा निधी, तो मिळवून देतो म्हणणारा हा माणूस. ११,००० फाइल चार्ज, १८,५०० प्रकल्प अहवालाचे आणि ३५,००० 'परत मिळणारी अनामत'. बदल्यात हातात आलं २५ लाखांचं खोटं मंजुरीपत्र.

हे लोक कसे येतात, काय बोलतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण 'एवढंही कळलं नाही?' असं विचारणाऱ्यांनी ते पत्र बघावं. कंपनीचा २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, बरोबर, नोंदणीकृत पत्ता बरोबर, संचालकांची नावंही बरोबर. हे सगळं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही मिळतं, त्यामुळे आम्ही जे जे तपासलं ते खरंच निघालं. त्यात मार्चअखेर. कंपन्यांना ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायची घाई असतेच, म्हणून 'आज भरा, नाहीतर निधी दुसऱ्या संस्थेला जाईल' हेही पटलं. १२ए (संस्थेच्या करसवलतीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करवजावट मिळवून देणारी मान्यता), सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी), तीन वर्षांचं काम, सगळं आमच्याकडे होतं. निधी मिळणं अशक्य वाटावं असं काहीच नव्हतं.

कळायला हवं होतं ते ३५,००० भरताना. यूपीआयवर पैसे जाण्याआधी खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. तिथे कंपनी नव्हती, एका माणसाचं नाव होतं. विचारलं तर म्हणाला, "अकाउंट्सच्या साहेबांचं खातं आहे, नंतर वळतं करतात." देणगीदाराचा पॅन नसेल तर ८०जीची पावती न देणारे आम्ही, आणि इतकं समोर दिसत असताना पैसे पाठवले गेले! याचा संताप अजून जात नाही.

निधी देणारी कंपनी घेणाऱ्याकडे पैसे मागत नाही. एक रुपयाही नाही. सीएसआर-१ला सरकारी शुल्क नाही, ८०जीच्या अर्जालाही नाही. लागते ती सीएची फी, आणि ती आपल्या माहितीतल्या सीएला पावती घेऊनच द्यावी. कंपनीच्या संकेतस्थळावर सीएसआर समिती आणि मंजूर प्रकल्प जाहीर करावे लागतात. तिथलाच नंबर घेऊन कंपनी सचिवांना फोन करा, पत्रावरच्या नंबरवर नको.

पुढचा मनस्ताप सरकारी दारातला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता येतात. आम्हाला कळेपर्यंत ते दुसऱ्या खात्यांत गेले होते. पोलीस ठाण्यात विचारलं, "ओटीपी दिला होता का? नाही? मग हे सायबर नाही." सायबर कक्षाने परत ठाण्यात पाठवलं. ठाण्यात म्हणाले, "तुम्ही स्वखुशीने दिलेत, दिवाणी बाब आहे." खोटं पत्र दाखवून पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ची फसवणूक आहे, ती दिवाणी कशी होते? बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचा तपशील आणा. लोकांच्या देणगीचे पैसे आहेत असं सांगितलं, तर 'मग ट्रस्टने सांभाळायचे होते' हे ऐकून घ्यावं लागलं. गुन्हा नोंदवत नसतील तर वाद घालण्यात वेळ घालवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा आणि पोच जपून ठेवा.

देणगीदारांपासून लपवायचं नाही, असा ठराव विश्वस्तांनी इतिवृत्तात लिहिला. तिन्ही रकमा, तारखा आणि तक्रारीची प्रत प्रत्येकाला पाठवली. विश्वस्तांनी पदरचे पैसे भरले, त्याची वेगळी पावती केली. तोटा हिशेबात तोटा म्हणूनच दाखवला. लेखापरीक्षकाच्या अहवालात तो येणारच. देणगीदाराला तिथून कळलं तर पुन्हा त्याच्या दारात पावतीपुस्तक घेऊन जायची सोय राहत नाही. तरी काहींनी देणगी थांबवली. त्यांना बोल लावायचा आम्हाला हक्क नाही.

कोरं लेटरहेड, शिक्का, डिजिटल सही कुणाच्याही हाती देऊ नका. 'देणगी चेकने घ्या, चाळीस टक्के रोख परत करा' म्हणणाऱ्याला तिथेच बाहेर काढा, त्यात ८०जीची मान्यता जाऊ शकते. आमच्या ८०जीची प्रत त्या माणसाकडे आहे, तिच्या आधारे तो खोट्या पावत्या फाडू शकतो. २०२१-२२ पासून करवजावटीसाठी प्राप्तिकर पोर्टलवरून निघालेलं १०बीई प्रमाणपत्र लागतं, नुसती छापील पावती चालत नाही. एखाद्या संस्थेच्या नावाने कुणी रोख किंवा स्वतःच्या यूपीआयवर पैसे मागितले, तर आधी विश्वस्तांना फोन करा.