मावशीच्या पायांसाठी: नायलॉनचा तंतू की आपलं बोट?

मावसबहिणीचा फोन आला, "ताई, आईची शुगर जुनी, तळपाय बधिर वाटतात म्हणते. मोनोफिलामेंट मागवू, की नुसतं बोट लावून कळेल?"

खर्चाचं म्हणाल तर बोट फुकट. मोनोफिलामेंट म्हणजे दांडीला बसवलेला नायलॉनचा तंतू. 10 ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो, म्हणून हात कुणाचाही असला तरी दाब तोच. मात्र लागोपाठ दहाएक जणांना तपासलं की तो शिणतो, मग दिवसभर बाजूला ठेवावा लागतो. वाकडाच राहिला तर टाकून द्यायचा.

खरा फरक हाताळणीत. तंतू चवड्यावर सरळ टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, घसरवायचा नाही. घट्ट्यावर लावलात तर चांगला पायही "नाही" म्हणतो.

बोटाची चाचणी इंग्लंडमधल्या इप्सविचची. मावशीने डोळे मिटायचे. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी. सहाही टोकांना एक-दोन सेकंद हलकाच स्पर्श. दाबायचं नाही, टिचकी नाही. "कळलं का?" असं विचारू नका, माणूस भिडेखातर हो म्हणतो. स्पर्श झाला की तिनेच सांगायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर लगेच डॉक्टर गाठा.

घरच्या एका माणसासाठी बोट पुरे. शिबिरात, दवाखान्यात, वर्षानुवर्षांची नोंद ठेवायची असेल तिथे तंतू हवा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासणं मात्र दोन्हींत सुटत नाही. आणि पायाला जखम असेल, तर चाचणीत वेळ घालवूच नका, तसंच घेऊन जा.