गोला बोरीचं रोप: हलक्या रानासाठी घ्यावं का?

पाण्याची सोय नाही, रान हलकं, खाली मुरूम. अशा जागी बोर लावायची तर गोला जातीचंच डोळा भरलेलं रोप, म्हणजे गावठी बोरीच्या रोपावर त्या जातीचा डोळा बसवून केलेलं कलम घ्या. उमराणच्या मोठ्या फळाला भुलू नका. झाड बोरीचंच, पण दोन्ही जातींचं फळ पिकायची वेळ वेगळी, आणि कोरडवाहूत सगळा खेळ त्या वेळेचाच आहे.

जोधपूर भागात वर्षाला जेमतेम 350 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पावसाळा सरला की झाड मुरलेल्या ओलीवरच फळ पोसतं. गोल्याचं फळ तिथे जानेवारीच्या सुमारास उतरतं, म्हणजे ओल आटायच्या आधी. उमराण मार्चपर्यंत रेंगाळतो. तोवर रान सुकलेलं असतं, मग फळ बारीक राहतं, सुरकुततं, गळतं. महाराष्ट्रात हंगाम राजस्थानच्या आधी येतो, त्यामुळे खोल काळ्या रानात किंवा फळ पोसताना एक-दोन पाणी देता येत असेल तर उमराण जरूर लावा. तो टिकाऊ आहे, लांबच्या बाजाराला चालतो. गोला रसाळ, पण फळ लहान.

जातीइतकंच रोपाचं मूळ बघा. बोर दुष्काळात तगते ती सोटमुळावर. लहान पिशवीत वर्षभर पडून राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी वेटोळं घेतं, आणि लावल्यावर ते सरळ खाली जाईलच असं नाही. म्हणून दोन्ही तोंडं उघडी असलेल्या, 25 सेंटिमीटर लांब प्लॅस्टिक नळीतलं चार-पाच महिन्यांचं रोप घ्यावं. त्याहून खात्रीचं म्हणजे खड्ड्यातच गावठी बी लावून जागेवर डोळा भरणं. वर्ष जास्त जातं, पण मूळ अखंड राहतं.

घेताना डोळ्याचा सांधा तपासा. सांध्याखालून आलेला फुटवा बारीक पानांचा, काटेरी असतो. वरच्या कलमाचं पान रुंद, मागून पांढरट लवदार. खालचा फुटवा दिसताच काढा, नाहीतर दोन वर्षांत गावठी बोरच हाती उरते. बहुतेक जातींची स्वतःच्या परागावर नीट फळधारणा होत नाही, तेव्हा बागेत दुसऱ्या जातीची काही झाडं हवीतच. अंतर 6 बाय 6 मीटर, खड्डा 60 सेंटिमीटरचा.

एप्रिल-मेमध्ये पानं झडून झाड झोपतं, छाटणी तेव्हाच उरका. फळ नव्या फुटीवर येतं. छाटणी लांबली की फूट उशिरा, बहर उशिरा, आणि गोला घेतल्याचा फायदाच गेला. फळमाशीचे कोष झाडाखालच्या मातीत असतात. किडकी बोरं वेचून नष्ट करा आणि उन्हाळ्यात आळं खणून माती तापू द्या. एवढी मेहनत होणार असेल तर हलक्या रानासाठी हे रोप पाचपैकी साडेचारचं.