बीटलचे पुशरॉड सील बदलले: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. गुढीपाडव्याच्या सुमारास सील बदलले, मधे उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गेले, दिवाळीही झाली. पार्किंगमध्ये इंजिनखाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा आहे. सोळातलं एक सील ओलसर दिसतं, पण थेंब धरत नाही.

गाडी फोक्सवॅगन बीटल, इंजिन १६०० सीसी. या आडव्या इंजिनात पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या दांड्या, सिलिंडरच्या खालून जातात आणि प्रत्येकावर पत्र्याची एक नळी असते. रॉकरपाशी (हेडमधल्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांपाशी) आलेलं ऑइल या आठ नळ्यांतूनच परत केसमध्ये, म्हणजे इंजिनच्या मधल्या कवचात, जातं. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक सील. नळ्या उघड्यावर आणि त्यांच्या खाली तापलेले हीट एक्स्चेंजर (एक्झॉस्टच्या उष्णतेवर हीटरची हवा तापवणारे डबे), त्यामुळे सील कडक झालं की ऑइल थेट त्यांच्यावर. सिग्नलला थांबलं की मागून जळका वास आणि निळसर धूर. शेजारच्या रिक्षावाल्याने "साहेब, गाडी पेटली!" म्हणून ओरडायचं, हे ठरलेलंच होतं.

जुने काळे सील नखाने दाबले तर कटकन तुटत होते. नवीन सिलिकॉनचे घेतले. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना असला तरी बीटलचे सुटे भाग बाहेरूनच मागवावे लागतात. सील स्वस्त, कुरिअर महाग. व्हिटॉनचे (उष्णता आणि ऑइल सोसणाऱ्या कृत्रिम रबराचे) मिळाले तर तेही उत्तमच. अमेरिकेतल्या शेव्हरले कॉर्वेअरची (१९६०-६९) हीच रड होती. सहा सिलिंडर, बारा नळ्या, चोवीस ओ-रिंगा. कंपनीच्या मूळ रिंगा उष्णतेने कडक व्हायच्या आणि ऑइल गळायचं. व्हिटॉनच्या रिंगा आल्या तेव्हा कुठे मालकांना उसंत मिळाली.

पण माझ्या मते सगळं श्रेय सीलला देऊ नये. खरं काम नळी करते. तिच्या दोन्ही टोकांना घड्या असतात आणि त्याच स्प्रिंगसारख्या सीलला दाबून धरतात. सिलिंडर बिडाचे, त्यांच्या टोकाला बसणारं हेड ॲल्युमिनियमचं, केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. इंजिन तापलं की केस आणि हेडमधलं अंतर वाढतं, आणि ते भरून काढायचं काम या घड्यांचं. वर्षानुवर्षं दबलेली नळी आखूड होते. तिला कितीही भारी सील लावा, गळणारच. १३०० ते १६०० सीसीच्या इंजिनांत नळी बसवण्याआधी घड्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर १९० ते १९१ मि.मी. हवं. जुन्या नळ्या हाताने ओढून तेवढ्या लांब करता येतात, पण माझ्या दोन नळ्यांना ओढताना घडीतच चीर गेली. मग आठही नव्या घेतल्या. नळीच्या पत्र्याची शिवण वरच्या बाजूला ठेवायची, खाली आली तर सांध्यातून ऑइल झिरपू शकतं.

यासाठी हेड काढावं लागतं, आणि बहुतेक जण तिथेच कच खातात. खरं तर बीटलचं इंजिन चार नट-बोल्टांवर लटकलेलं असतं, खाली उतरवून काम केलेलं कितीतरी सोपं. हेड ओढताना सिलिंडर केसपासून सुटू द्यायचे नाहीत, नाहीतर त्यांच्या बुडाशी गळतीचं नवं दुकान उघडतं. सीलच्या बैठका रॉकेलने पुसून घेतल्या. आधीच्या कुणीतरी फासलेल्या सीलंटचे गोळे लाकडी काडीने खरवडले. नवे सील मी कोरडेच बसवले. हेड टेकवताना एक जण फक्त नळ्यांकडे बघायला हवा, कारण एखादी तिरकी बसली तर नंतर कळून उपयोग नाही. नट क्रमाने, टॉर्क पान्यानेच: १० मि.मी.च्या स्टडला सुमारे ३१ न्यूटन-मीटर, ८ मि.मी.च्या स्टडला २५.

हेड न काढता बसणाऱ्या, स्प्रिंगच्या दोन तुकड्यांच्या नळ्याही मिळतात. एखादी नळी दगड लागून चेपली तर ठीक आहे. आठही तशा टाकायला मी धजावणार नाही, मधला जोड ही गळायला आणखी एक जागा. एक नळी मात्र पुढच्या डिकीत टाकून ठेवली आहे.

आणि खर्चात पडण्याआधी ऑइल येतंय कुठून ते नीट बघा. बाहेरच्या टोकाला ओल असेल तर रॉकर कव्हरचं गॅस्केट असू शकतं, ते पाच मिनिटांचं काम. डावीकडच्या नळ्या वरून भिजलेल्या दिसल्या तर ऑइल कूलरचे सील तपासा. कूलर त्याच बाजूला, फॅनच्या पत्र्याच्या आत असतो आणि त्याचं ऑइल सिलिंडरच्या बाहेरच्या फिन्समधून खाली उतरतं. इंजिन स्वच्छ धुवा, एक फेरी मारा आणि मग गाडीखाली झोपून बॅटरी मारा.

माझं ओलसर सील केसच्या बाजूचं आहे, तिथल्या बैठकीवर जुना ओरखडा आहे. इंजिन पुन्हा उतरेल तेव्हा बघू. तोवर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, ०.१५ मि.मी.ला लावायला खाली शिरलो की त्याला एक फडकं मारतो.